पंचाने किती ऐकायचं?

कबड्डीच्या पंचाला शिव्या लांबून येत नाहीत. क्रिकेटचा पंच मैदानाच्या मधोमध उभा असतो, स्टँडमधली ओरड त्याच्यापर्यंत पोचेतो तिचा नुसता गलका झालेला असतो. आमचं मैदान पुरुषांसाठी १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. रायगडातल्या गावोगावच्या स्पर्धांत त्याभोवती बांबू रोवून दोरी बांधतात आणि अंतिम सामन्यापर्यंत ती माणसांच्या रेट्याने इतकी आत येते, की रेषापंचाच्या पाठीला मागच्याचे गुडघे लागतात. कोण बोललं ते ऐकू येतं, कळतं, बहुधा ओळखूही येतं.

मी पोस्टात नोकरीला आहे. राज्य संघटनेची पंच परीक्षा पास झालो तेव्हापासून दिवाळी ते पावसाळा या दिवसांतले शनिवार-रविवार मैदानावर जातात. शनिवारी रात्री ज्याने माझ्या आईचा उद्धार केला, तो सोमवारी काउंटरवर आरडीचं पुस्तक घेऊन उभा राहतो आणि "काय साहेब, परवा जरा घाईच केलीत," म्हणून हसतो. त्याच्या मनात काही नसतं. मैदानावरचा पंच आणि काउंटरवरचा साहेब ही त्याच्या लेखी दोन माणसं. मलाही ती दोन ठेवावी लागतात, नाहीतर सोमवारी त्याचं पुस्तक भरताना माझा हात जड होईल.

आरोळ्या ठरलेल्या असतात. "पंचा, डोले फुटले का रं?" ही सगळ्यात साधी. "किती घेतलेस?" ही त्यापुढची. मग जात, गाव, आई-बहीण. सुरुवातीच्या काळात एका ज्येष्ठ पंचांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मला या आरोळ्या वेगळ्या करायला शिकवलं. निर्णयाबद्दल ओरडतोय तो प्रेक्षक, तुझ्याबद्दल ओरडतोय तो रिकामटेकडा. पहिल्याला उत्तर द्यायचं, दुसऱ्याला नाही. आणि पहिल्यालासुद्धा तोंडाने नाही.

पहिल्याचा राग बहुतेक वेळा न दिसण्यातून येतो. बोनस गुणाचंच घ्या. समोर किमान सहा बचावपटू हवेत. चढाईपटूचा पुढचा पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकलेला हवा आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत हवा. मागचा पाय बोटभर जरी जमिनीला लागलेला असला तरी गुण नाही. चढाईपटूच्या समोर, पलीकडच्या टोकाला बसलेल्या माणसाला पुढचा पाय स्वच्छ दिसतो, मागचा दिसतच नाही. त्याच्या मते पंचाने ढळढळीत गुण खाल्ला. मातीच्या मैदानावर तर फक्कीने आखलेली रेषा चार चढायांत पुसट होते. मॅटवर चिकटपट्टी निदान जागेवर राहते.

लॉबीचा नियम त्याहून अवघड. दोन्ही बाजूंना एक-एक मीटरची पट्टी. चढाईपटूने कुणाला शिवण्याआधी त्या पट्टीत पाय टाकला तर तो बाद. झटापट सुरू झाली की तीच पट्टी मैदानाचा भाग होते. म्हणजे तेच पाऊल एका क्षणी बाद आणि पुढच्या क्षणी चालतं. सगळा निकाल स्पर्श आधी की पाऊल आधी यावर. हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत, ऑक्टोबर २०२३ मध्ये, भारत-इराण अंतिम सामना २८-२८ असताना पवन सेहरावत कुणाला न शिवता लॉबीत गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्यामागे तिथे उतरले. गुण कुणाला किती, यावर सामना जवळजवळ तासभर थांबला. खेळाडू मॅटवर बसून राहिले. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. तिथे चित्रफीत होती, आंतरराष्ट्रीय पंच होते, तरी तास गेला. आमच्याकडे पुढच्या चढाईची शिट्टी वाजायच्या आत निर्णय लागतो.

म्हणून अण्णांनी शिकवलेलं उत्तर हाताने द्यायचं असतं. शिट्टी एकदाच, पण लांब. हात खांद्यापर्यंत नव्हे, पूर्ण वर. बोटं पसरलेली, शेवटच्या रांगेतल्या म्हातारबांनाही मोजता यावीत अशी. लॉबीत पाय पडला असेल तर जिथे पडला तिथे चालत जायचं आणि ती जागा दाखवायची. पळायचं नाही, पळणारा पंच घाबरलेला दिसतो. आवाजाच्या दिशेने मान वळवायची नाही. आणि हसायचं तर मुळीच नाही. पंच कानकोंडा होऊन हसतो, पण दोरीपलीकडून ते खिजवल्यासारखं दिसतं.

एवढं जमलं की चेहरा सांभाळता येतो. मनाचं काय होतं, ते कुणी शिकवत नाही. ते अनुभवाने कळलं. शिवी लागली की पुढच्या वादग्रस्त चढाईत मन दोन्हीकडे ओढतं. एक मन म्हणतं, आता हा गुण त्यांना देऊन टाक, गप्प बसतील. दुसरं म्हणतं, ओरडता काय, आता तर देतच नाही. बाहेरून एक भित्रेपणा वाटतो, दुसरा बाणेदारपणा, पण दोन्हींत निर्णय पायाकडे बघून होत नाही, गर्दीकडे बघून होतो. चढाई तीस सेकंदांची, मग लगेच समोरून दुसरी. मन ताळ्यावर आणायला वेळ असा नसतोच. मी एक सवय लावून घेतली: गोंगाट वाढला की चढाईपटूचा चेहरा बघायचाच नाही, घोट्याच्या खालीच नजर ठेवायची. पाय कुठल्या गावाचा आहे, ते पायावर लिहिलेलं नसतं.

इथवरचं सगळं स्वतःला मिळणाऱ्या शिव्यांबद्दल. बरीच वर्षं मी समजत होतो, की पंचगिरीतला हा प्रश्न एवढाच आहे. मग एका महिला स्पर्धेत मी सरपंच, म्हणजे सामन्याचा मुख्य पंच, होतो. यजमान गावाच्या मुली मागे पडायला लागल्या, तसा दोरीपलीकडचा एक घोळका पाहुण्या संघाच्या चढाईपटूवर घसरला. तिच्या अंगावरून, चड्डीवरून, जे बोलू नये ते सगळं. मुलगी सतरा-अठराची असेल. ती मध्यरेषेवर आली, दम घेतला आणि "कबड्डी, कबड्डी" म्हणता म्हणता तिचा आवाज फुटला.

माझ्या खिशात तीन कार्डं होती, हिरवं, पिवळं, लाल. खेळाडू गैरवागला, प्रशिक्षक आत घुसला, तर ती चालतात. प्रेक्षकाला दाखवायचं कार्ड नसतं. पण खेळ थांबवता येतो. मी वेळ थांबवली, दोन्ही संघांना बाकावर बसवलं आणि गुणलेखकाच्या टेबलाशी जाऊन मंडळाच्या अध्यक्षांना म्हटलं, तो घोळका मागे न्या, मग सुरू करू. ते म्हणाले, "मास्तर, पोरं आहेत, सोडून द्या. रात्र चढतेय, अजून उपांत्य सामना व्हायचाय." मी शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. समालोचकाने माइकवरून विनंती केली, मग त्याच गावातल्या दोन-चार बायका उठल्या आणि त्यांनी जे काम केलं ते माइकला जमलं नसतं. सामना पुढे झाला. पाहुण्या मुली जिंकल्या की हरल्या, याला या गोष्टीत महत्त्व नाही. पुढच्या वर्षी त्या स्पर्धेच्या यादीत माझं नाव नव्हतं.

हे मी काही नवं केलं नव्हतं. सिडनी कसोटीत, जानेवारी २०२१ मध्ये, मोहम्मद सिराजने प्रेक्षकांतल्या शेऱ्यांबद्दल पंचांकडे तक्रार केली तेव्हा पंचांनी खेळ थांबवला आणि सहा प्रेक्षकांना उठवून बाहेर काढलं गेलं. मैदान सोडण्याची मुभा पंचांनी दिली होती आणि कर्णधार अजिंक्य रहाणेने खेळायचं ठरवलं, असं सिराजने नंतर सांगितलं. फुटबॉलमध्ये वर्णद्वेषी घोषणांसाठी पायऱ्याच ठरल्या आहेत: आधी खेळ थांबवून घोषणा करायची, मग खेळाडूंना आत न्यायचं, तरीही थांबलं नाही तर सामना रद्द. जगातल्या मोठ्या मैदानांवर जे चालतं, ते दोरी बांधलेल्या मैदानावर का चालू नये, एवढंच मी त्या रात्रीनंतर स्वतःला विचारत आलो.

आणि त्यातून अण्णांच्या शिकवणीबद्दलही प्रश्न पडला. मला दिलेली शिवी मी गिळतो, ती माझी आहे. पण माझ्या शेजारी रेषापंच म्हणून उभी असलेली नवी मुलगी ते बघते आणि समजते, की ही या कामाची फीच आहे. परीक्षेला दरवर्षी मुलं बसतात, उत्साहाने शिट्टी विकत घेतात आणि एक-दोन हंगामांत दिसेनाशी होतात. मानधन कमी म्हणून गेलो, असं सांगतात. ते खरंही असेल. पण मानधन आम्हालाही कमीच होतं. आमच्या मौनाने आमची अब्रू राखली, त्यांच्यासाठी जागा मात्र राखली नाही.

म्हणून आता सामन्याआधी मी आयोजकांकडे तीन गोष्टी मागतो. दोरी अंतिम रेषेपासून दोन मीटर मागे, आणि सामनाभर मागेच. प्रत्येक रेषापंचाच्या मागे मंडळाचा एक कार्यकर्ता, प्रेक्षकांकडे तोंड करून. आणि समालोचकाने गुण सांगताना कारणही सांगायचं: "मागचा पाय जमिनीवर, बोनस नाही." या तिसऱ्या गोष्टीने सगळ्यात जास्त फरक पडतो. कारण ऐकल्यावर निम्मे लोक पंचाला सोडून आपल्याच चढाईपटूवर चिडतात. काही मंडळं हे आनंदाने करतात, काही म्हणतात की पंच फार शेफारलेत.

परवा एका नव्या पंच मुलीने विचारलं, "सर, ऐकू आलं की नेमकं काय करायचं?" मी तिला सांगितलं, निर्णयावर बोलले तर हात उंच कर. तुझ्यावर बोलले तर पायांकडे बघ. आणि खेळाडूवर बोलले, किंवा तुलाच वाटलं की हे आता ऐकून घेणार नाही, तर वेळ थांबवून माझ्याकडे ये. किती ऐकायचं, याची रेषा दुसऱ्या कुणी आखून दिली पाहिजे असं नाही.