आरशातली प्रत

धानोऱ्यात पावसाळ्यात वीज गेली की ती केव्हा येईल हे कोणी विचारीत नाही. आमच्या घरातल्या साठवणपेटीलाही ते अंगवळणी पडले आहे. पुस्तकांच्या कपाटावर, राऊटरशेजारी ही पेटी असते. घरातले दोन्ही संगणक तिच्यात आपापल्या फायली ठेवतात. आत दोन हार्ड डिस्क. एकीवर जे लिहिले जाते ते त्याच क्षणी दुसरीवर उमटते. जाणकार याला ‘रेड-१’ म्हणतात. आम्ही आरसा म्हणत होतो, आणि आरशावर आमचा फार भरवसा होता.

पेटीत मोलाचे म्हणावे असे एकच होते. १९९८ ते २००४ या काळात आम्ही दोघांनी तालुक्यातल्या गावांतून रेला गीते टिपली होती. कॅसेटवर आवाज, वहीत गोंडी शब्द आणि खाली मराठी अर्थ. पुढे कॅसेटी संगणकात उतरवल्या, वह्या टंकून घेतल्या. वह्यांना वाळवी लागली तेव्हा आम्ही फारशी हळहळ केली नाही. गाणाऱ्या बायकांपैकी बहुतेक आज नाहीत.

गेल्या जुलैत आवराआवरीच्या भरात आम्ही एक जुनाट वाटणारा फोल्डर पुसला. मूळ तोच होता. आरशाने आज्ञाधारकपणे दुसरी डिस्कही पुसली. डिस्क बिघडली असती तर दुसरीने वाचवले असते. आमच्या हातून वाचवणे हे तिचे कामच नव्हते. ठरावीक वेळची स्थिती जपणारी ‘स्नॅपशॉट’ची सोय पेटीत होती, पण जागा वाचावी म्हणून ती आम्हीच बंद ठेवलेली. चूक ध्यानात आली आठ दिवसांनी. तोवर भाच्याच्या लग्नाचे फोटो पेटीत चढले होते आणि फायली सोडवून देणाऱ्या प्रणालीच्या हाती तुकडेच लागले.

म्हाइंभटांनी जमवलेल्या लीळांची मूळ पोथी धाडीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. ‘लीळाचरित्रा’चे पाठभेद आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवले, त्यांवर प्रश्नही घातले. त्या पाठभेदांमागे कोणाची तरी झोप उडाली असेल, हे मात्र या जुलैपर्यंत सुचले नव्हते.

२०११ साली नागपूरला मुलीकडे एक डिस्क ठेवली होती. ठेवली म्हणण्यापेक्षा विसरली होती. ती आली. आवाज सगळे सुखरूप निघाले. टंकलेल्या फायली उघडल्या, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता काला. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आमचे टंकन त्याआधीच्या रीतीच्या फॉन्टमध्ये झालेले. फॉन्ट नसेल तर अक्षर नाही. राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली शोधेपर्यंत महानुभावांच्या पोथ्या पंथाबाहेरच्या वाचकाला अशाच बंद होत्या. आमची किल्ली बाजारातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे, एका धुळकट सीडीवर सापडली.

मजकूर युनिकोडमध्ये आणला तेव्हा रफार आणि वेलांट्या सरकल्या. मराठी अर्थ आम्ही अंदाजाने सुधारले. गोंडी शब्दांना अंदाज चालेना. मग फोनमध्ये आवाज घेऊन एका गावी गेलो. गाणारी बाई गेली, सून होती. तिने गाणे दोनदा ऐकले आणि आमचा कागद वाचायला लावला. एका ओळीशी ती हसली. तिथे रफाराचा प्रश्नच नव्हता. १९९९ साली आम्ही शब्दच चुकीचा ऐकला होता, आणि वहीपासून डिस्कपर्यंत प्रत्येक प्रतीने ती चूक इमानाने जपली होती.

तिने मग स्वतः गाऊन दाखवले. ते सासूच्या गाण्यापेक्षा एका कडव्याने मोठे आहे.

२०११ नंतर केलेल्या दुरुस्त्या गेल्या त्या गेल्याच. स्नॅपशॉट आता रोज रात्री निघतो, दुसरी डिस्क दिवाळीला नागपूरला जाईल. तिच्यात दोन फायली शेजारी आहेत: ‘सासूचा पाठ’ आणि ‘सुनेचा पाठ’.