त्रिशूळ बोलोन्याचा, कारखाना मोदेनाचा

मोदेनाला निघालेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, "फेरारी बघायला ना?" बोलोन्यातल्या आमच्या हॉटेलच्या काउंटरवरच्या आजोबांनीही तेच विचारलं. मी "नाही, मासेराती" म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग मोदेनाला कशाला जाता? मासेराती आमची. त्यांनी ती पळवली."

हॉटेल यथातथाच होतं. लिफ्ट बंद, न्याहारीला कोरडी बिस्किटं आणि गरम पाणी मागितलं की आश्चर्य. पण त्या एका वाक्यात खोलीचं भाडं वसूल झालं. मी निघालो होतो तो शर्यतपटू फांजिओच्या शाळेपासूनच्या वेडापायी, त्याची 250 एफ ही मासेराती डोळे भरून पाहायला. आता खटलाच हाती आला.

बोलोन्याचे सुप्रसिद्ध मनोरे मी चालता चालता पाहिले. थांबलो तो नेपच्यूनच्या कारंज्यापाशी. जाम्बोलोन्याने सोळाव्या शतकात घडवलेला हा काशाचा धिप्पाड देव हातात त्रिशूळ घेऊन उभा आहे. मासेराती भावांपैकी मारिओ एकटाच इंजिनांच्या वाटेला न गेलेला, चित्रकार. गाडीला चिन्ह हवं होतं, ते त्याने इथून उचललं. जवळच्याच देई पेपोली गल्लीत 1 डिसेंबर 1914 ला आल्फिएरीने एत्तोरे आणि एर्नेस्तो या भावांबरोबर गॅरेज काढलं होतं. काम दुसऱ्यांच्या गाड्या शर्यतीसाठी तयार करण्याचं. स्वतःच्या नावाची पहिली गाडी आली 1926 मध्ये. सिसिलीतल्या तार्गा फ्लोरिओ शर्यतीत आल्फिएरीने ती स्वतः चालवली आणि दीड लिटरच्या गटात पहिला आला. 1932 मध्ये, शस्त्रक्रियेनंतर, तो वारला. वय अवघं 44. राहिलेले भाऊ उत्तम कारागीर होते, व्यापारी मात्र नव्हते. 1937 मध्ये त्यांनी कंपनी मोदेनाच्या आदोल्फो ओर्सींना विकली आणि दहा वर्षं नोकरीत राहण्याचा करार केला. दोनेक वर्षांत कारखानाही मोदेनाला हलला.

मोदेनात एका मित्राने मोटारींच्या इतिहासाच्या अभ्यासकाशी गाठ घालून दिली. भेटीची जागा पानिनींचं शेत. फुटबॉलपटूंची स्टिकरं विकून जगभर पोचलेल्या पानिनी भावांपैकी उंबेर्तो यांनी पुढे इथे गाई पाळल्या, पार्मिजानो चीज करायला घेतलं. 1996 मध्ये मासेरातीच्या जुन्या गाड्यांचा संग्रह लंडनमध्ये लिलावात निघायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तो विकत घेऊन मोदेनात ठेवला. त्यामुळे चीजच्या आंबूस वासात 250 एफ पाहायला मिळते. लांबुळकं लाल नाक, बारीक तारांची चाकं. 4 ऑगस्ट 1957 ला याच जातीच्या गाडीत 46 वर्षांच्या फांजिओने जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतीत कमाल केली होती. पेट्रोल आणि टायरसाठी थांबण्यात सगळी आघाडी गेली. मग फेरीगणिक विक्रम मोडत त्याने हॉथॉर्न आणि कॉलिन्स यांच्या दोन्ही फेरारींना गाठलं, मागे टाकलं आणि पाचवं जगज्जेतेपद मिळवलं. मी गाडीभोवती इतक्या प्रदक्षिणा घातल्या, की अभ्यासकमहाशयांना घड्याळ बघावं लागलं.

"पळवली हा शब्द चुकीचा आहे," ते म्हणाले. "मर्सिडीजच्या मागे जर्मन सरकारचा पैसा होता. भावांकडे काय होतं? ओर्सी भंगाराच्या धंद्यातून वर आलेला माणूस. तो नसता तर 1939 आणि 1940 ला मासेरातीने इंडियानापोलिस जिंकलंच नसतं."

"पण ती गाडी एर्नेस्तोच्या डोक्यातून उतरलेली," मी म्हणालो.

"डोकं पगारावर होतं."

हे मला लागलं. मी म्हटलं, "आणि 1950?"

ते गप्प झाले. फोंदेरिए रिउनिते ही ओर्सींचीच फाउंड्री. मालकाने टाळेबंदी केली, 9 जानेवारी 1950 ला कामगार फाटकाशी जमले, पोलिसांनी गोळीबार केला आणि सहा जण मेले. "ते वेगळं प्रकरण," ते अखेर म्हणाले. मला ते वेगळं वाटत नाही. ज्या पैशाने फांजिओची गाडी धावली, तो याच घराण्याच्या व्यवहारातला होता.

दुपारी फेरारीच्या गावाची, मारानेल्लोची बस पकडायची होती. ती सोडली आणि फाउंड्रीच्या जागेकडे चालत गेलो. गिरणगावात वाढलेल्या माणसाला टाळेबंदी समजावून सांगावी लागत नाही. रस्ता रुक्ष, रेल्वेलगतचा. पर्यटक कुणी नाही. फेरारीचं संग्रहालय त्या दिवशी राहिलं आणि मला त्याची चुटपुटही लागली नाही.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो हिशेबवह्यांचा आहे. जगज्जेतेपदाच्याच वर्षी, नोव्हेंबरात, काराकासच्या शर्यतीत कंपनीच्या गाड्या एकामागोमाग एक अपघातात गेल्या. अर्जेंटिनाकडचं येणं बुडीत निघालं. कंपनीचा स्वतःचा शर्यतीचा चमू बंद करून ओर्सींनी 3500 जीटी ही रस्त्यावरची मोटार विकायला काढली. मग 1968 ला सित्रोएन, 1975 ला दे तोमासो, 1993 ला फियाट. त्रिशूळ प्रत्येक मालकाने जपला. त्याच्याच नावावर माल खपत होता!

भावांचं काय झालं? 1947 ला करार संपताच बिंदो, एत्तोरे आणि एर्नेस्तो बोलोन्याला परतले. स्वतःचं आडनाव गाडीला देता येईना, म्हणून शहराबाहेर सान लाझ्झारोला त्यांनी 'ओस्का' काढली. 1954 ला अमेरिकेत सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस आणि बिल लॉइड यांनी दीड लिटरच्या ओस्कामध्ये मोठमोठ्या इंजिनांना मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. काउंटरवरच्या आजोबांचं म्हणणं मला मान्य नाही. कंपनी रीतसर विकली गेली होती. पण मासेराती कुणाची, याचं उत्तर सेब्रिंगला मिळालं असं मी मानतो. तुम्ही त्या भागात गेलात तर पानिनींच्या शेताची वेळ आधी ठरवून घ्या, आणि मोदेनात अर्धा दिवस हाताशी ठेवून फाउंड्रीपर्यंत चालत जा.