द्राक्षारस

आमचं कनेरगाव नाका म्हणजे मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो तिथलं गाव. अलीकडे हिंगोली, पलीकडे वाशीम. इंग्रजांच्या काळात अलीकडे निजामाचं राज्य होतं आणि पलीकडे वऱ्हाड. नाक्यावरच्या माणसांना एक खोड असते. पलीकडच्यांविषयी त्यांची मतं फार ठाम असतात.

ख्रिस्ती माणसांविषयी आमचं मत असंच ठाम होतं. त्यांच्या धर्मात दारू चालते! हे आम्हांला कुणी शिकवलं नव्हतं. हिंदी सिनेमातला बाटली हातात घेऊन झोकांड्या खाणारा अँथनी किंवा मायकल, एवढाच आमचा पुरावा. आपल्यात हराम, त्यांच्यात हलाल. विषय संपला.

हिंगोली जिल्हा १९९९ साली झाला. त्याआधीची, आम्ही परभणी जिल्ह्यात होतो तेव्हाची ही गोष्ट. शाळेत जालन्याकडचे एक ख्रिस्ती गुरुजी आले. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली होती. गुरुजींचे पूर्वज तिथले. गुरुजी दारूच काय, सुपारीसुद्धा खात नसत. आम्हां पोरांना त्याचं मोठं नवल. एकदा धीर करून विचारलं, "गुरुजी, तुमच्यात तर चालते ना?"

ते हसले. संध्याकाळी घरी बोलावलं आणि पेटीतून बायबल काढलं.

काना गावच्या लग्नात येशूनं सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला, ते आम्ही वाचलं. आम्ही लगेच म्हणालो, "म्हणजे रसच ना, दारू नव्हे." गुरुजींनी मान हलवली. "मराठीत शब्द सौम्य आहे. पण याच द्राक्षारसानं धुंद होऊ नका असं पौल इफिसकरांना बजावतो. नुसत्या रसानं कोण धुंद होतं?"

मग त्यांनी एकेक पान उघडलं. नोहानं द्राक्षमळा लावला आणि पिऊन तो तंबूत उघडा पडला. स्तोत्रात द्राक्षारस माणसाचं मन आनंदित करणारा, तर नीतिसूत्रांत तोच टवाळखोर. याजकांनी पिऊन दर्शनमंडपात जायचं नाही. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा घे म्हणतो आणि रोमकरांना सांगतो, तुझ्या पिण्यानं भाऊ अडखळत असेल तर न पिणं चांगलं. "आम्ही या शेवटच्या वाक्यावर चालतो," गुरुजी म्हणाले.

पुढे आम्ही वाचत गेलो तेव्हा कळलं, की ख्रिस्ती लोकांतही एकमत नाही. कॅथलिकांच्या मिस्सेला द्राक्षाचाच खरा द्राक्षारस लागतो. अनेक मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट मंडळ्या प्रभुभोजनाला न आंबवलेला रस देतात. तो टिकवण्याची युक्ती अमेरिकेतल्या थॉमस वेल्च या मेथडिस्टानं १८६९ साली काढली. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. तिथं दारूबंदीची चळवळ चालवणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांशी त्यांचा निकटचा संबंध आला. सिनेमातला अँथनी आम्हांला माहीत होता, या बायका माहीत नव्हत्या.

आमच्या कुराणातही मनाई एकदम आलेली नाही. सूरह बकरात दारूत पाप मोठं आणि फायदा थोडा असं सांगितलं. सूरह निसात नशेत नमाजजवळ जाऊ नका म्हटलं. शेवटी सूरह माइदात दूर राहा असा हुकूम आला. माणसाची सवय ओळखून अल्लाहनं त्याला पायरी पायरीनं चढवलं. आम्ही मात्र शेवटचा हुकूम पाठ केला आणि पायऱ्या विसरलो.

हे आम्हांला धाकट्या चाचांमुळे कळलं. चाचा पीत. मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक, घरात कुणालाच नाही. पोटात पाणी झालं तेव्हा अब्बांनी डॉक्टरांना सांगितलं, "जुना पोटाचा विकार आहे." पुण्यात १९८६ सालीच मुक्तांगण सुरू झालं होतं. आम्ही चौकशीही केली नाही. चौकशी करायची म्हणजे कबूल करायचं, आणि मुसलमानाच्या घरात दारुडा असतो हे कबूल कसं करणार?

चाचांजवळ येऊन बसले ते गुरुजी. त्यांनी अब्बांना बाहेर बोलावलं. "भाईजान, डॉक्टरांना खरं सांगा. आमच्यातही हेच होतं. चर्चमध्ये कुणी विचारत नाही आणि पिणारा बोलत नाही." अब्बांनी सांगितलं, पण फार उशिरा. चाचा दोन महिन्यांत गेले. जनाजाच्या वेळी गुरुजी कब्रस्तानाच्या कडेला टोपी घालून उभे होते.

दारू हराम आहे, यावर आमचा विश्वास आजही तसाच आहे. पण हराम म्हटल्यानं ती आपल्या घरात येतच नाही, हा आमचा भ्रम चाचांसोबत गेला. गुरुजींच्या ग्रंथानं सावध केलं, आमच्या ग्रंथानं मनाई केली. दोन्हीकडे पिणारा माणूस एकटाच पडतो, कारण त्याच्याशी बोलायला आपल्याला लाज वाटते.

आता नाक्यावर कुणी म्हणालं, "त्यांच्यात चालते," तर आम्ही एवढंच विचारतो, "आणि आपल्या घरात?"