डोंगरातले लग्न आणि आजीचा श्वास

आपल्याकडे ‘पळून जाऊन लग्न’ म्हटले की अजूनही घरात क्षणभर शांतता पसरते. परदेशात वाढलेल्या किंवा स्थिरावलेल्या आपल्या मुलामुलींनी मात्र या शब्दाचा अर्थ पार पालटून टाकला आहे. ‘इलोपमेंट’ म्हणून ती आज जे सांगतात त्यात पळणेही नसते आणि लपवणेही नसते. मंगल कार्यालय, जेवणावळी आणि पाचशे माणसांची यादी यांना फाटा देऊन, आठदहा जिवलगांच्या साक्षीने एखाद्या डोंगरात किंवा तळ्याकाठी केलेले लग्न, एवढाच त्याचा अर्थ. त्या आठदहांत बहुधा आजी किंवा आजोबा असतात. म्हणूनच हा विषय आपल्या पाक्षिकात मांडावासा वाटला.

माझ्या भाचीचे लग्न अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात झाले. माझी आई तेव्हा सत्याहत्तर वर्षांची होती. रक्तदाब, आठ वर्षांपूर्वीची अँजिओप्लास्टी आणि कुरकुरणारे गुडघे हे तिचे सामान. तिला घेऊन मी त्या लग्नाला गेले. तिथे डॉक्टर म्हणून माझ्या हातून एक चूक झाली आणि त्याच चुकीने, जागेची निवड किती महत्त्वाची असते ते शिकवले. ती हकिगत आपल्यापुढे ठेवते. आपल्याही घरात कधी असा प्रसंग आला, तर उपयोगी पडेल.

उंचीचा हिशेब

प्रथम उंची समजून घेऊ. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे विमानातून उतरलेला माणूस जवळजवळ कळसूबाईच्या शिखरावरच पाय ठेवतो. तिथून दीड-दोन तासांच्या अंतरावर, उद्यानाच्या वेशीवर एस्टेस पार्क हे टुमदार गाव आहे. ते सुमारे २,३०० मीटरवर. आणि उद्यानातून जाणारा ट्रेल रिज रोड ३,७१३ मीटरपर्यंत चढतो. केदारनाथचे मंदिरही याहून खाली आहे.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सारखेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. उंचावर घटतो तो हवेचा दाब. दाब घटला की प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसांत जाणारा प्राणवायू कमी पडतो. ट्रेल रिज रोडच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. तरुण हृदय आपला वेग वाढवून ही तूट भरून काढते. वयस्कर हृदयालाही ते जमते. परंतु त्याला सवड द्यावी लागते, दिवसांची आणि मुक्कामांची.

जागा कशी निवडली

या उद्यानात मनाला येईल तिथे लग्न लावता येत नाही. त्यासाठी उद्यानाचा विशेष परवाना लागतो आणि तो नेमून दिलेल्या ठरावीक जागांसाठीच मिळतो. जागेनुसार आणि ऋतूनुसार माणसांची मर्यादा ठरलेली असते. उन्हाळ्यातील तारखा भराभर भरतात, म्हणून अर्ज अनेक महिने आधी करावा लागतो. भाचीला खरे तर ट्रेल रिज रोडवरचे, वृक्षरेषेच्या वरचे ते उघडे, वाऱ्याने झोडपलेले रान हवे होते. त्या नेमलेल्या जागांत ते नव्हते. मग आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात सुट्टीच्या दिवशी ती एकेक जागा पाहून येऊ लागली आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आम्हाला पुण्यात दाखवू लागली.

पहिली जागा ‘थ्री एम कर्व्ह’. रस्त्याच्या वळणावर प्रचंड खडक, समोर लाँग्स पीकचे ४,३४६ मीटरचे शिखर. छायाचित्रांसाठी अप्रतिम. परंतु उभे राहायचे ते ओबडधोबड खडकांमध्ये. टेकायला बाक नाही. दुसरी ‘बेअर लेक’. सुमारे २,९०० मीटरवरचे देखणे सरोवर, पण सदैव गर्दी आणि काठाच्या वाटेला चढउतार. तिसरी ‘लिली लेक’. सुमारे २,७०० मीटरवर, तळ्याभोवती सपाट वाट, चाकाची खुर्चीही फिरवता येईल अशी. चौथी ‘स्प्रेग लेक’.

स्प्रेग लेक हे निसर्गनिर्मित सरोवर नव्हे. एबनर स्प्रेग नावाच्या जुन्या वसाहतकाराने आपल्या निवासगृहाच्या पाहुण्यांना मासेमारी करता यावी म्हणून प्रवाहाला बांध घालून ते तयार केले. उंची सुमारे २,६५० मीटर. गाडीतळ तळ्याला लागूनच, स्वच्छतागृह तिथेच, काठाने जाणारी वाट सपाट आणि दाबून घट्ट केलेली, मधूनमधून बसायला बाक. आणि पाण्यापलीकडे हॅलेट पीक व फ्लॅटटॉप माउंटन यांची बर्फरेषा.

आमच्या घरात लिली लेक की स्प्रेग लेक यावर दोन दिवस चर्चा चालली. आईने एकच प्रश्न विचारला, “अगं, मोरी कुठे जवळ आहे?” तेवढ्यावर निकाल लागला. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या माणसाचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. स्थळ निवडताना आपण शिखरे मोजतो. वयस्कर माणूस पायऱ्या, बाक आणि स्वच्छतागृहापर्यंतची पावले मोजतो. त्याचे मोजमाप अधिक खरे असते.

माझी चूक

लग्न जून महिन्यात होते. निघण्यापूर्वी आईच्या हृदयरोगतज्ज्ञांनी टू-डी इको केला आणि जाण्यास हरकत नाही असे सांगितले. डेन्व्हरला आम्ही तीन रात्री राहिलो. सगळे व्यवस्थित चालले होते आणि त्यामुळेच मी गाफील झाले. एस्टेस पार्कला पोहोचलो त्याच दुपारी, आकाश निरभ्र दिसले म्हणून, मी सर्वांना ट्रेल रिज रोडवर घेऊन गेले. एका दिवसात आम्ही २,००० मीटरांहून अधिक चढलो होतो. हे मी माझ्या एखाद्या रुग्णाला कधीही करू दिले नसते.

वर गाडीतून उतरून आई पन्नास-साठ पावले चालली आणि थांबली. बोलेना. ओठांवर निळसर छटा दिसू लागली. बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ८१. आम्ही तत्काळ परत फिरलो. एस्टेस पार्कला येईपर्यंत आकडा ९१ वर आला आणि आईने चहा मागितला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

त्या रात्री भाची रडवेली होऊन म्हणाली, “मावशी, आजी खोलीवरच राहू दे. मी तिला फोनवरून सगळं दाखवीन.” आई पलंगावर डोळे मिटून पडली होती. ती डोळे न उघडताच म्हणाली, “फोनवरच बघायचं होतं तर मी पासपोर्ट कशाला काढला असता?”

निर्णय माझ्याकडे होता. दुसरा पूर्ण दिवस आम्ही गावातच विश्रांतीत काढला. डोकेदुखी नाही, मळमळ नाही, बसल्या जागी दम नाही, झोप ठीक, भूक ठीक, हे मी दिवसभरात चार वेळा तपासले. यांतले एकही लक्षण दिसले असते तर मी तिला डेन्व्हरला परत नेले असते. आणखी एक गोष्ट माझ्या बाजूची होती: लग्नाची जागा मुक्कामाहून जेमतेम साडेतीनशे मीटर उंच होती. आठ महिन्यांपूर्वी आईला मोजमाप धरून केलेली निवड त्या रात्री आमच्या कामी आली. लग्न थ्री एम कर्व्हच्या खडकांत किंवा बेअर लेकच्या चढावर असते, तर मी तिला नेण्याचे धाडस केले नसते.

तळ्याकाठी

सकाळी आठची वेळ आम्ही मुद्दाम निवडली होती. रॉकी पर्वतात उन्हाळ्यात दुपारनंतर विजांचा गडगडाट होतो, आणि उघड्या जागी वीज हा तिथला मोठा धोका आहे. हवा गार होती. आईला कानटोपी, दोन स्वेटर आणि त्यावर शालू! गाडीतळापासून तळ्याच्या काठापर्यंत चाकाची खुर्ची सहज गेली.

कोलोरॅडोच्या कायद्यात पुरोहित वा अधिकारी नसतानाही वधूवरांनी स्वतःच विवाहपत्रावर सही करून लग्न करण्याची मुभा आहे. तसेच झाले. होम नव्हता, ध्वनिवर्धक नव्हता. मंगलाष्टके आईने बसूनच म्हटली, एकेका कडव्यानंतर थांबून, श्वास घेऊन. कोणीही घाई केली नाही.

अक्षतांचा प्रश्न आधीच उद्भवला होता. उद्यानात तांदूळ किंवा फुलांच्या पाकळ्या उधळण्यास मनाई आहे, कारण बाहेरचे काहीही तिथल्या पशुपक्ष्यांच्या तोंडी जाऊ नये. आईला हे कळले तेव्हा ती प्रथम खट्टू झाली. मग पुण्याहून आणलेल्या अक्षता तिने डबीतच ठेवल्या. शेवटच्या ‘सावधान’नंतर तिने दोघांना ओंजळ पुढे करायला सांगितली, प्रत्येकाच्या ओंजळीत चिमूटभर अक्षता ठेवल्या, डोक्यावरून हात फिरवला आणि त्या परत डबीत भरून घेतल्या. जमिनीवर एक दाणा पडला नाही. ती डबी आता भाचीच्या देवघरात आहे.

आपण जाणार असाल तर

प्रसंग वेगळा असेल, डोंगरही वेगळा असेल; पण पुढील गोष्टी सर्वत्र लागू पडतात.

जागा ठरण्यापूर्वी मुलांशी मोकळेपणाने बोला. “तुम्ही ठरवाल ते चालेल” असे म्हणणे हा त्याग नव्हे. त्यामुळे त्यांची निवडच चुकते. गुडघे किती पायऱ्या चढतात आणि स्वच्छतागृह किती वेळाने लागते, हे संकोच न बाळगता सांगा.

हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असेल, छातीत वारंवार दुखत असेल, हृदय किंवा फुप्फुसांचा आजार आटोक्यात नसेल किंवा रक्तक्षय तीव्र असेल, तर उंचावर जाणे टाळावे. अशा वेळी मुलांनी खालच्या उंचीवरची जागा निवडावी.

उंची टप्प्याटप्प्याने गाठा. वाटेत मुक्काम करा आणि पहिले दोन दिवस श्रम, मद्य व झोपेच्या गोळ्या टाळा. झोपेच्या गोळीने रात्रीचा श्वास आणखी मंदावू शकतो. पाणी नियमित प्या, मात्र डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर ती पाळा. उंचीच्या त्रासासाठीची गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका. आपल्या इतर औषधांशी ती जुळते का, हे डॉक्टरच सांगू शकतील.

कोलोरॅडोचे उन्हाळी घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते. पुण्यात सकाळी आठ वाजता घेतली जाणारी गोळी तिथे आदल्या रात्रीच्या साडेआठला येते. औषधांचे नवे वेळापत्रक, विशेषतः इन्सुलिनचे, निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. औषधे आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. प्रवासविमा घेताना जुने आजार लपवू नका.

सोबत जाणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. बसल्या जागी दम लागणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नका. ताबडतोब खाली उतरा आणि वैद्यकीय मदत घ्या. अमेरिकेत त्यासाठी ९११ हा क्रमांक आहे. परंतु उद्यानात मोबाइलला बऱ्याच ठिकाणी संपर्क मिळत नाही, म्हणून परतीचा रस्ता आणि जवळचे रुग्णालय आधीच पाहून ठेवा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला उंची आणि वेळबदल यांमुळे गोंधळ वाढू शकतो. तिच्याजवळ एका ओळखीच्या माणसाने सतत असावे, आणि ते काम नवरा-नवरीकडे सोपवू नये.

लग्नाच्या दिवशी परतताना आईने गाडीची काच खाली करायला लावली आणि तळ्याकडे एकदा वळून पाहिले. “वरचं ते उंच ठिकाण काही मला फारसं आठवत नाही,” ती म्हणाली, “हे मात्र आठवेल.” वर तिला श्वास पुरत नव्हता, इथे तो पुरला, म्हणून डोळ्यांनाही काही पाहता आले. आपल्या घरातले लग्न डोंगरात ठरले, तर आपल्यातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला श्वास पुरेल ती जागा निवडा.