नांगर न लागलेलं गाव

डोंगर नाही, समुद्र नाही, नदीसुद्धा नाही. मग या गावात बघायचं काय? तर गवत! हसू नका. दक्षिण युक्रेनमधलं आस्कानिया-नोवा हे छोटंसं गाव जगाला माहीत आहे ते गवतामुळेच.

नकाशा काढा. नीपर नदीच्या पूर्वेला, क्रायमियाच्या वर जो सपाट पट्टा दिसतो, तो स्टेप. म्हणजे आपलं माळरानच, पण नजर पोहोचेल तिथपर्यंत! आता बहुतेक ठिकाणी तिथे शेती झालीय. इथे मात्र तब्बल अकरा हजार हेक्टर माळ तसाच राखलाय. मे महिन्यात त्यावर रेशमासारखे चंदेरी तुरे डोलतात.

गावाची सुरुवात झाली मेंढ्यांपासून. १८२८मध्ये एका जर्मन ड्यूकला झारकडून ही जमीन मिळाली. आस्कानिया हे नाव त्याच्या घराण्यावरून. हे नवं, म्हणून नोवा. पण धंदा काही जमेना. १८५६मध्ये फाइन या जर्मन वंशाच्या जमीनदार कुटुंबाने सगळं विकत घेतलं. त्यांचा वारस फ्रिडरिख फाल्झ-फाइन याला मेंढ्यांपेक्षा रानटी प्राण्यांचं वेड. पठ्ठ्याने खोल विहिरी खणून कोरड्या माळावर बाग फुलवली, प्राणी जमवले आणि १८९८मध्ये माळाचा एक तुकडा कायमचा राखून ठेवला. क्रांतीत इस्टेट गेली. १९२०मध्ये तो जर्मनीत वारला. गवत राहिलं.

आणि घोडेही! मंगोलियातले प्रझेवाल्स्की जातीचे जंगली घोडे त्याने इथे आणले होते. १९६०च्या दशकाअखेर ते मंगोलियाच्या रानातून नाहीसे झाले. तोवर, १९५७मध्ये, रानात पकडलेली एक घोडी आस्कानियात आली होती. तिने वंश पुढे नेला. १९९२मध्ये मंगोलियात घोडे पुन्हा सोडायचे ठरलं, तेव्हा काही याच गावातून गेले.

कसं जाल? खरं सांगायचं तर आत्ता नाहीच. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियन फौजांनी हा भाग ताब्यात घेतला. युद्धात माळाला आगीही लागल्या. पण जळलेलं गवत मुळांतून पुन्हा फुटतं; नांगरलेला स्टेप पूर्वीसारखा व्हायला मात्र पिढ्या जातात. म्हणून नाव लिहून ठेवा. शांतता आली की मे महिन्यात जायचं!