सश्वान लिस्बनवास

समुद्रपर्यटन करून परतलेल्या माणसास प्रायश्चित्त द्यावे की देऊ नये, यावर आमच्या पणजोबांच्या पिढीत घरोघर कडाक्याचे वाद होत असत. आज त्या वादाची कोणास आठवणही नाही. आता प्रायश्चित्त उरले आहे ते माणसास नव्हे, त्याच्या कुत्र्यास. आणि तेही परतल्यावर नव्हे, निघण्यापूर्वी. आमचे धाकटे चिरंजीव संगणकावरची आपली नोकरी बरोबर घेऊन लिस्बन शहरी बिऱ्हाड करून आहेत. त्यांच्या सोबत पुण्याच्या घरातील मोती नावाचा कुत्राही गेला. त्यांच्याकडे दोन महिने राहण्याचा योग आम्हांस आला, तेव्हा जी माहिती हाती लागली ती, ज्या घरांतून अशाच प्रस्थानाची बोलणी चालली असतील त्यांच्या उपयोगी पडावी, म्हणून येथे देत आहो.

लिस्बन हे तेजो नदीच्या मुखाशी वसलेले टेकड्यांचे शहर. 1755 सालच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस झालेला भूकंप, त्यामागून आलेली समुद्राची लाट आणि मग आग, यांनी त्याचा बराच भाग नष्ट केला. नदीकाठचा सखल भाग मार्कीश द पोंबाल या मुत्सद्द्याने आखीव रस्त्यांनी पुन्हा बांधविला. आल्फामा ही टेकडीवरची जुनी वस्ती मात्र पुष्कळशी बचावली. तिच्या बोळांतून हिंडताना पणजीच्या फोंतान्यस भागाची आठवण ज्यास होणार नाही तो विरळा. भाषाही अगदीच परकी वाटत नाही. बटाटा, पाव, चावी, पगार, घमेले, फीत हे आपले नित्याचे शब्द त्याच बंदरांतून आपल्याकडे आलेले आहेत. बाजारात 'बटाटा' म्हणताच दुकानदाराने तोच जिन्नस पुढे केला, तेव्हा सूनबाईंस झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

आता मुद्द्याकडे वळू. परदेशच्या धन्याचे काम आपल्या देशात बसून करणारांसाठी पोर्तुगालने 2022 च्या ऑक्टोबरात 'डी-8' नावाचा प्रवेशपरवाना काढला. त्याची मुख्य अट अशी की, मासिक प्राप्ती तेथील किमान वेतनाच्या चौपट असावी. 2025 साली ते वेतन 870 युरो होते. म्हणजे 3,480 युरो, आपल्या चलनात सुमारे साडेतीन लाख रुपये, दरमहा दाखवावे लागत. किमान वेतन सालोसाल वाढते, तशी ही रक्कमही वाढते. याशिवाय राहण्याच्या जागेचा पुरावा, विमा, पोलिसांचा दाखला इत्यादि कागद लागतातच. त्यांचा विस्तार करीत नाही. ध्यानात धरण्याची गोष्ट ही की, हा परवाना चार महिनेच चालतो. त्या मुदतीत तेथे पोहोचून रहिवासाच्या दोन वर्षांच्या पत्रासाठी हजर व्हावे लागते.

आणि कुत्र्याची तयारी? तीही किमान चार महिन्यांचीच! 'आधी आमचा परवाना येऊ द्या, मग मोतीचे पाहू,' असे जो म्हणेल त्याच्या परवान्याची मुदत संपत येईल, आणि कुत्रा अद्याप पुण्यासच असेल. आमच्या चिरंजीवांस हे एका जाणत्या पशुवैद्याने वेळीच सांगितले, म्हणून निभावले. त्यांनी अर्जाचा पहिला कागद जुळविण्यापूर्वीच मोतीस वैद्याकडे नेले.

या तयारीचा क्रम असा. प्रथम त्याच्या मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पंधरा आकडी क्रमांकाची चकती बसवितात. तिच्यानंतर, फार तर त्याच दिवशी, पिसाळरोगाची लस टोचावी. लस आधी आणि चकती मागाहून झाली असेल, तर युरोपीय संघाच्या लेखी ती लस टोचलीच नाही असे समजतात. येथे पुष्कळांची फसगत होते. लसीनंतर निदान तीस दिवसांनी रक्त काढून ते युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच पाठवावे लागते. रक्तातील प्रतिकारशक्तीचे प्रमाण दर मिलिलीटरास अर्ध्या आंतरराष्ट्रीय एककाहून कमी भरता कामा नये. ते भरले तरी रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचे. सरतेशेवटी सरकारी पशु-संगरोध केंद्राकडून निरोगीपणाचा दाखला घ्यावयाचा. पण तो दहाच दिवस चालत असल्याने आगाऊ घेऊन ठेविता येत नाही. लिस्बनच्या विमानतळावरील पशुवैद्यासही दोन दिवस आधी वर्दी द्यावी लागते.

हा जाच कशासाठी, असा संताप प्रथम येतो खरा. परंतु पिसाळरोगाने जगात जी माणसे मरतात त्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक आपल्या देशात मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पोर्तुगाल या रोगापासून मुक्त आहे. अलर्कविषाच्या प्रकरणी सुश्रुताने जलत्रास हे मरणचिन्हच मानिले आहे, आणि इतक्या शतकांनंतरही, एकदा लक्षणे दिसू लागल्यावर, वैद्यकापाशी खात्रीचा उपाय नाही. तेव्हा ज्यांचे घर स्वच्छ आहे त्यांनी दारात पाय धुवावयास सांगितले, तर रागावू नये, असे आमचे मत आहे.

मुंबईहून लिस्बनास थेट विमान नाही. मध्ये कोठे तरी बदलावे लागते. तो बदल लंडनास करू नये. इंग्लंडात जनावर विमानाने न्यावयाचे तर ते मालाच्या खात्यातूनच न्यावे लागते व त्याचे नियम निराळे आहेत. पिशवीसकट आठ किलोच्या आतले जनावर पुष्कळ कंपन्या धन्याच्या पायाशी ठेवू देतात. मोती बावीस किलोचा, म्हणून तो पिंजऱ्यातून विमानाच्या पोटात गेला. पिंजरा असा हवा की, त्यात जनावरास उभे राहता, वळता व पसरून निजता यावे. चिरंजीवांनी तो दोन महिने आधी आणून ओसरीवर मांडला आणि मोतीचे जेवण त्यातच वाढू लागले. प्रवासाच्या दिवशी तो आपण होऊन आत जाऊन बसला. झोपेचे औषध मात्र कोणी देऊ नये. उंचावर त्याने श्वास व रक्तदाब यांस अपाय होतो. बसक्या नाकाच्या जातींस याच कारणास्तव कित्येक कंपन्या घेतच नाहीत.

घरात मनी नावाची तेरा वर्षांची मांजरही होती. तिलाही न्यावे म्हणून नात हटून बसली, दोन दिवस नीट जेवली नाही. सूनबाई द्विधा झाल्या. वडीलधाऱ्यांचे मत विचारले गेले, तेव्हा आम्ही स्पष्टच सांगितले की, कुत्रा माणसांचा असतो, मांजर घराची असते. तशात तिचे मूत्रपिंड दुबळे. तिला इतके तास कोंडून नेण्यात लेकरांची हौस फिटेल, मनीची नव्हे. मनी आमच्यापाशी राहिली. नातीने पुढे कित्येक दिवस आमच्याशी अबोला धरला, आणि तो आम्ही मुकाट्याने सोसला.

लिस्बनास कुत्र्याचे दिवस बरे जातात. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्याहून साडेचार तास मागे असते, हिवाळ्यात साडेपाच. त्यामुळे पुण्याच्या कचेरीशी बांधलेले चिरंजीव उन्हाळ्यात पहाटे साडेपाचास कामास बसतात आणि दुपारी दीडच्या सुमारास मोकळे होतात. पुढची सारी दुपार नदीकाठी मोतीची. 2018 च्या कायद्याने मालकाची इच्छा असल्यास उपाहारगृहांतही जनावरांस प्रवेश आहे. मात्र कुत्र्याचा वार्षिक परवाना आपल्या वॉर्डाच्या कचेरीतून घ्यावा लागतो, आणि एका बिऱ्हाडात तीनहून अधिक कुत्रे ठेविता येत नाहीत. घरे जुनी, जिने अरुंद, हिवाळ्यात भिंती ओलसर. पदपथांवरचे गुळगुळीत पांढरे दगड पावसात माणसास व कुत्र्यास सारखेच घसरवितात. खरी भीती सुरवंटांची. हिवाळ्याच्या अखेरीस पाइन वृक्षांवरून हे केसाळ किडे एकामागून एक रांगेने खाली उतरतात. कुत्र्याने नुसते हुंगले वा चाटले तरी जीभ सुजते, प्रसंगी सडते. त्या दिवसांत पाइनच्या राईत जाणे टाळावे.

परत येतानाही भारत सरकारच्या पशु-संगरोध खात्याचे नाहरकत पत्र आधी मागवावे लागते. रक्ताची परीक्षा मात्र पुन्हा करावी लागत नाही, जर लसीची मुदत मध्ये एक दिवसही चुकली नसेल तर; चुकली की चकतीखेरीज सारे नव्याने. म्हणून लिस्बनच्या स्वयंपाकघरात पुण्याहून नेलेली जी दिनदर्शिका टांगली आहे, तिच्यावर एकादशी-संकष्टीच्या रांगेतच सूनबाईंनी मोतीच्या पुढल्या लसीची तारीख तांबड्या शाईने लिहून ठेविली आहे.