एकशे बारा

शितावरून भाताची परीक्षा करतात, असे मी वर्गात कितीतरी वर्षे सांगत आलो आहे. पण शीत कुठले उचलायचे, हे एकाही मुलाने मला विचारले नाही आणि मीही आपण होऊन सांगितले नाही. आमची आई मात्र आधी डाव तळापर्यंत घालून भात हलवी आणि मग हाती येईल ते शीत चिरडून पाही. वरवरचे शीत ती कधी घेत नसे. त्यात एक मोठे शास्त्र आहे, हे कळायला मला माझ्या एका विद्यार्थिनीबरोबर रानात जावे लागले.

निमित्त झाले माझ्या कादंबरीचे. तिच्यातला नायक अकरा पाने जंगलातून चालतो. विद्यार्थिनीचे पत्र आले, "सर, कादंबरी आवडली. पण अकरा पानांच्या जंगलात एकाही झाडाला नाव नाही." आता राहुरीसारख्या उसाच्या मुलखात राहणाऱ्याने जंगल आणायचे कुठून? मी 'किर्र रान' असा शब्द तीनदा वापरून वेळ भागवली होती. ती वनस्पतिशास्त्रात संशोधन करीत होती. पत्राच्या शेवटी तिने लिहिले होते, "डिसेंबरात हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी पाचनईला झाडे मोजायला जाणार आहे. फीत धरायला माणूस हवा. याल?"

संगमनेर, अकोले, राजूर करीत आम्ही पाचनईला पोचलो. ज्या मुळेला मी धरणात समुद्रासारखी पसरलेली पाहत आलो, ती त्या डोंगरांत अजून परकर नेसणारी पोर आहे! हा सारा मुलूख १९८६ पासून अभयारण्य आहे, म्हणून तिने वनखात्याची परवानगी काढली होती. दिवस पाच, चौकोन वीस. गावातले एक महादेव कोळी म्हातारबाबा वाटाड्या म्हणून बरोबर होते.

पहिल्याच सकाळी माझी फजिती झाली. जांभळांच्या गर्द सावलीत एक देखणी जागा पाहून मी दोरीचे भेंडोळे खाली टाकले. ती म्हणाली, "इथे नाही, सर. जागा आपण निवडायची नसते." तिने नकाशावर चौकोन पाडून, चिठ्ठ्या टाकून जागा आधीच ठरवल्या होत्या. चिठ्ठीने आम्हांला नेले ते एका खडकाळ उतारावर, दोन करवंदीच्या जाळ्या आणि एक वाकडी अंजनी यांच्यापुढे. मला ते अपमानास्पद वाटले. नंतर आठवले, आमच्या शेतांत पीककापणी प्रयोगाचा तुकडाही असाच ठरतो, मालकाच्या पसंतीने नव्हे. साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात पिकांच्या मोजणीला ही शिस्त लावली. आमची आई आणि सुखात्मे एकाच पंथाचे निघाले.

दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असा दोरीचा चौकोन. दोरी जमिनीवर लोळवायची नाही, उतारावर ती सपाटीत ताणून धरायची. आतल्या प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून एक मीटर तीस सेंटीमीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, मोजायचा. उतारावर उभे राहायचे ते वरच्या अंगाला. वेल असेल तर फीत वेलाखालून घालायची. त्या उंचीच्या खालीच खोड फुटले असेल तर प्रत्येक फांदीचा आकडा वेगळा. रोपे मोजायला चौकोनात छोटे चौकोन. बाबा नुसती साल खरवडून नाव सांगत : ऐन, पारजांभूळ, कुंभा, लोखंडी. हिरडा दिसला की मात्र ते थांबत. कोवळा बाळहिरडा विकून तिथली कितीतरी घरे चालतात. जाड हिरडे पुष्कळ, पण बारीक हिरडे किती, हाच तिचा प्रश्न होता. म्हातारी झाडे उभी आणि पोरे नाहीत, असे निघाले तर नातवांनी काय गोळा करायचे?

पहिल्या दिवशी नवी नावे धो धो आली, दुसऱ्या दिवशी थोडी. तिने त्याची रेघ आलेखावर काढून दाखवली : चढत चढत आडवी होऊ लागलेली.

तिसऱ्या दिवशीच्या चौथ्या चौकोनात कारवीच्या दाट गचपणापलीकडे एक हिरडा होता. ऊन उतरले होते, गुडघे बोलत होते. मी अंदाजाने ओरडलो, "एकशे बारा!" एकशे दहा म्हटले असते तर ते ठोकळ वाटले असते. वीस वर्षांचा कादंबरीकार दोन सेंटीमीटर वर टाकायला विसरत नाही.

रात्री झोप लागली नाही. पहाटे चुलीजवळ मी तिला सांगून टाकले. ती रागावली नाही, हे मला फार जड गेले. तिने एवढेच विचारले, "आणखी कुठे, सर?"

'कुठेच नाही' म्हणायला मी तोंड उघडले आणि मिटले. मला खात्रीने आठवेना. बाबा काटकी चुलीत सारीत हळूच म्हणाले, "मास्तर झाडापातूर गेलंच न्हाईत. मला दिसलं व्हतं. पर मास्तरला कोन बोलायचं?"

त्या दिवसाचे चारही चौकोन पुन्हा मोजावे लागले. परवानगीचे दिवस वाढण्यासारखे नव्हते. तिचे वीस चौकोन सोळावर आले, ते माझ्यामुळे.

कारवी बाजूला सारून मी त्या हिरड्यापाशी पोचलो, तर पाठीमागून ते एक खोड नव्हतेच. गुडघ्याच्या उंचीवर दुभंगून ते दोन झाले होते. समोरून एकामागे एक दडले होते, इतकेच. बाबांनी फितीचे टोक धरले. एक्क्याऐंशी. चौसष्ट. मी खणखणीत आवाजात सांगितले आणि बाबांनी दोन्ही आकडे पुन्हा उच्चारले.

वहीतला जुना आकडा पुसण्यासाठी मी खिशातून खोडरबर काढले. तिने हात धरला. "पुसायचे नाही, सर. एकच रेघ मारा. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. आणि शेजारी सही, तारीख."

मी सही केली. तारीख घातली. ती वही आता तिच्या कपाटात आहे. रेघेखालचे एकशे बारा अजून स्वच्छ वाचता येते.